तान्ह्याची झोप आणि कचरागाडी

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरात सध्या तान्हं आहे, ते रेडिओचा आवाज अगदी बारीक करून मला ऐकत असतील. काही बाळं ढोल बडवला तरी ढिम्म हलत नाहीत, आणि काहींची झोप पापडासारखी, बोट लागलं की मोडली. आज बोलायचंय ते या पापडवाल्यांबद्दल.

शास्त्र थोडक्यात सांगते. नवजात बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतं, पण त्यातली जवळजवळ निम्मी झोप सावध. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात. सटवाई हसवते म्हणतो ना आपण, ती हीच वेळ. अशात खट्‌कन काही वाजलं की बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. हे दचकणं चार-सहा महिन्यांत आपोआप जातं. तोवर एवढं ध्यानात ठेवा: आवाज किती मोठा, यापेक्षा तो किती अचानक आला, याला जास्त महत्त्व. पुन्हा सांगते, अचानक आवाज वाईट.

आता आमच्या वहिनीची गोष्ट ऐका. वहिनी इथं इंदूरलाच रामबागेत राहते. नात झाली, आणि घरात कर्फ्यू लागला. कुकरची शिटी बंद, देवघरातल्या घंटीच्या लोळीला चिंधी. दादाने शिंकायचं तर संडासात जाऊन. नात रात्रभर सगळ्यांना नाचवायची आणि पहाटे कुठं डोळा लागायचा. सूनबाईही तेव्हाच आडवी व्हायची. आणि नेमकी सकाळी कचरागाडी यायची, गाणं वाजवत. इंदूरकरांना ते गाणं सांगायला नको, राष्ट्रगीताखालोखाल तेच पाठ आहे. वहिनी ओला-सुका डबा घेऊन फाटकापर्यंत जाते न जाते, तोच आतून टाहो.

वहिनीने ठरवलं, ही गाडीच वैरीण. एके दिवशी गल्लीच्या तोंडाशीच जाऊन उभी राहिली. "भैया, हमारे घर के सामने गाना बंद कर दिया करो, बच्ची छोटी है." ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "माताजी, गाना बंद किया तो कचरा लेके निकलेगा कौन?" पण ऐकलं त्याने. दुसऱ्या दिवशी गाडी मुकाट आली आणि मुकाट पुढे गेली. मग जी धावपळ झाली! अर्धी गल्ली गाउनवर, बनियनवर, हातात डबे, "अरे रुको, रुको!" जोशीबुवांसारखे सोवळ्यातले लोकसुद्धा धावले. आणि नात? ती तर गाडी कोपऱ्यावर असतानाच जागी झालेली.

शेजाऱ्यांनी वहिनीला दोन दिवस धारेवर धरलं, गाणं परत सुरू झालं. मग वहिनी गेली उज्जैनला, महाकालाच्या दर्शनाला. दादा मुळात आळशी. सकाळी कोण उठणार, म्हणून रात्रीच डबे फाटकाबाहेर ठेवून मोकळा. सकाळी गाडी आली, गाणं दणदणत घरासमोरून गेलं, आणि नात गाढ झोपेत! सूनबाई उशीवर डोकं टेकल्या टेकल्या विचार करू लागली, आज काय वेगळं झालं? आज फाटक उघडलं नव्हतं. त्या लोखंडी फाटकाची कडी वहिनी रोज घाईघाईने खाडकन सरकवायची, थेट बाळाच्या खिडकीखाली. गाणं लांबून हळूहळू चढत यायचं, त्याचं बाळाला काही नव्हतं. कडीला तेल घातलं, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, झालं काम. वहिनी मात्र अजून म्हणते, महाकालाची कृपा.

यावरून आठवलं. स्वच्छतेत २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं आपलं इंदूर देशात पहिलं आलं, चांगलंच आहे. पण कारण नसताना हॉर्न वाजवण्यातही कुणी नंबर काढला असता, तर आपला तोही कुणी हिसकावला नसता. आणि बाळ बघायला न सांगता येणारे पाहुणे! बेल दाबतात ती दाबतात, वर प्लास्टिकची पिशवी कुरकुरवत बाळाच्या कानाशी "ओळख मी कोण" विचारतात. बरं, विषय सुटला.

तर घर मुकं करू नका. बोलणं, पंखा, स्वयंपाकघरातली हलकी खुडबुड असू द्या. १९९०मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात एकसारखी सरसर ऐकवलेली वीसपैकी सोळा नवजात बाळं पाच मिनिटांत झोपली. आवाज न ऐकवलेल्या वीसपैकी पाचच. पण अशी सरसर ऐकवणारी जी यंत्रं मिळतात, ती पाळण्यात ठेवू नका. बाळापासून दोन मीटर लांब आणि अगदी हळू. बाळ कुरकुरलं की लगेच उचलायचं नाही, जरा थांबायचं. पुष्कळदा ते झोपेतच असतं. निजवायचं पाठीवर, कडक गादीवर, उशी नाही, गोधडीचा ढीग नाही.

आणि झोप यावी म्हणून काही चाटवू नका. मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया एके काळी तान्ह्यांना बाळगोळी देऊन कामावर जात, तिच्यात अफू असे. बाळ झोपे, पण कसलं ते झोपणं. वर्षाच्या आत मधही नको, गुटीतूनसुद्धा नको.

राहिली रंगपंचमीची गेर, म्हणजे राजवाड्याकडची रंग उडवत जाणारी मिरवणूक. एकसारखा आवाज चालतो म्हटलं म्हणून डीजे चालत नाही हां, त्याने कान जातात. राजवाड्याकडे ज्यांचं घर आहे त्यांनी आदल्या दिवशीच बाळाला घेऊन सुदामानगरच्या मावशीकडे जावं. मावशीलाही बरं वाटतं.