ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, "सर, थांबा" म्हणायला शिकवता येतं का?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ नर्सिंग आणि रेसिडेन्सीच्या पोरापोरींसाठी आहेच, पण खरं सांगू? त्यांच्या सरांनी आणि मॅडमनी तो बघावा म्हणून जास्त केलाय.

29 मार्च 2005, इंग्लंड. इलेन ब्रोमिली, वय 37, दोन लहान मुलांची आई. सायनसचं ऑपरेशन, इमर्जन्सी वगैरे काही नाही, तारीख ठरवून आलेली. सकाळी 8.35 ला भूल दिली. श्वासासाठी घशात बसवायचा मास्क बसेना. 8.37 ला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 75. 8.39 ला 40.

मदतीला दुसरे भूलतज्ज्ञ धावले. ईएनटी सर्जनही आले. तिघंही मुरलेले डॉक्टर. आणि तिघंही तोंडातून ट्यूब घालायच्या मागे लागले. नाही गेली, परत बघू. परत नाही गेली, परत बघू. सॅच्युरेशन जवळजवळ 20 मिनिटं तिथेच, तळाला.

ट्यूब जात नाही आणि मास्कनेही हवा जात नाही, तर गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनळीत रस्ता करायचा, ही गाइडलाइन तेव्हाही होती. आणि आता नीट ऐका. एक सिस्टर ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून रस्ता करायचा, सेट घेऊन आली, तयार आहे म्हणून सांगितलंही. कुणी दखल घेतली नाही. दुसरीने आयसीयूत फोन करून बेड मिळवला. डॉक्टरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की, ही काय उगाच घाबरतेय! तिने बेड रद्द केला. इलेन 13 दिवसांनी गेली.

काय करायला हवं ते त्या खोलीत काही जणींना कळत होतं. सांगायचं कसं, ते कळत नव्हतं.

इलेनचा नवरा, मार्टिन ब्रोमिली, पायलट. त्याने विचारलं, चौकशी कधी? उत्तर मिळालं, तुम्ही केस केली तरच, एरवी अशी चौकशी होत नाही. त्याच्या धंद्यात हे कल्पनेपलीकडचं होतं. त्याने पाठपुरावा करून स्वतंत्र चौकशी करायला लावली, पण डॉक्टरांना शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. ते परत कामावर रुजू झाले आणि त्याला तेच हवं होतं. 2007 मध्ये त्याने 'क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप' सुरू केला.

विमानवाल्यांनी हा धडा आधीच रक्त सांडून घेतला होता. 28 डिसेंबर 1978, अमेरिकेतलं पोर्टलंड. विमानाच्या चाकांच्या बिघाडात कॅप्टन गुंतलेला, इंधन संपत आलेलं. फ्लाइट इंजिनिअर आकडे सांगत होता, पण "आत्ता उतरा" असं ठणकावून कुणी म्हटलं नाही. 10 जण गेले. पुढे कॅप्टनला ऐकायचं आणि बाकीच्यांना बोलायचं रीतसर ट्रेनिंग सुरू झालं.

आता आपल्या ओटीत या. आपल्याकडे सरांना कसं सांगतात? "सर... ते... सेट काढून ठेवू का?" म्हणजे इशारा करायचा आणि सरांच्या लक्षात येईल अशी आशा धरायची. त्याऐवजी चार पायऱ्या शिकवतात. मी त्या आपल्या बोलीत सांगते.

पहिली, विचारा: "सर, सॅच्युरेशन 40 आहे, बघितलंत का?"

दुसरी, जागं करा: "सर, दोनदा ट्यूब गेली नाही. सेट उघडलाय. गळ्यातून जायचं का?"

तिसरी, अडवा: "सर, आता परत ट्यूब नको. पेशंटला ऑक्सिजन मिळत नाहीये."

चौथी: "सर, थांबा. मी दुसऱ्या सिनियरना बोलावतेय." आणि खरंच बोलावायचं.

चारही वाक्यांत 'सर' आहे, बघा. मान राखूनच थांबवायचंय.

हे पीपीटी दाखवून येत नाही. (समोसा आणि सर्टिफिकेटवाली वर्कशॉप्स आपण सगळ्यांनी केलीत, त्यामुळे जास्त बोलत नाही.) सिम्युलेशनमध्ये काय करतात, तर टेबलावर पुतळा, मॉनिटर चालू. सॅच्युरेशन उतरतं तसा बीपचा सूर खाली खाली जातो. 'सर' झालेल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं, पहिल्या दोन हाका ऐकायच्या नाहीत. मग सिस्टर दुसऱ्या पायरीवर अडकते की तिसरी चढते, ते सगळं व्हिडिओवर येतं. प्रसंग दहा मिनिटांचा असला तर त्यावरची चर्चा त्याहून लांब चालते. खरं शिकणं तिथे होतं. माझं ठाम मत आहे, सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, टेक्निशियन, ओटीतले मामा, सगळ्यांना एकाच खोलीत शिकवा. आणि एकदा भूमिका बदला. बॉस सिस्टर झाला की तोही कसा चाचरतो, ते बघण्यासारखं असतं.

"पण आमच्याकडे चेकलिस्ट आहे ना!" असं कुणीतरी म्हणणारच. डब्ल्यूएचओची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट 2008 ची. त्या कामाचे प्रमुख अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, वडील मूळचे आपल्या महाराष्ट्रातल्या उटी गावचे. दिल्ली धरून आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले. नंतर कॅनडात ऑन्टारिओतल्या 101 रुग्णालयांत ती लागू झाली. 2014 मध्ये निकाल आला, मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक नाही. कारणांवर वाद आहे. पण टिक कशा होतात हे तुम्हाला-मला माहीत आहे. पेशंट बाहेर गेल्यावर, एकाच पेनाने, सगळ्या एका दमात.

त्या यादीत छेद देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. बऱ्याच ठिकाणी हेच गाळतात, "आम्ही ओळखतो एकमेकांना" म्हणून. पण जिने एकदा तोंड उघडलंय, तिला पुढे "सर, थांबा" म्हणणं सोपं जातं. सर्जन मंडळी, तिथेच एक वाक्य तुमचंही जोडा: "कुणाला काही खटकलं तर मला थांबवा." आणि कुणी थांबवलंच, तर ती चुकीची असली तरी आधी "बरं झालं बोललीस" म्हणा. तिच्यावर खेकसलात, तर पुढच्या केसला ती गप्प बसेल, आणि तिचं बघून बाकीचेही.

पुढच्या भागात ड्युटी बदलताना पेशंट कसा हँडओव्हर करायचा ते बघू. तुमच्या ओटीत नावं सांगतात का, ते कमेंटमध्ये लिहा. हॉस्पिटलचं नाव मात्र लिहू नका, प्लीज.