पिंजऱ्यातली ओली जागा

(चाळीसगाव येथे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, आपल्या चाळीसगावजवळच्या जंगलातल्या पाटणादेवीच्या देवळाला तुम्ही सगळे गेलेले आहात. तिथली वानरं पाहिलीत ना? रात्री ज्या झाडावर झोपतात त्याखाली त्यांची विष्ठा पडते, आणि उजाडलं की टोळी पुढे निघते. जंतांचं अख्खं गणित या चालत राहण्यात आहे.

चाबूककृमीचंच घ्या. पुढचा भाग दोऱ्यासारखा, मागचा जाड, म्हणून हे नाव. तो बारीक भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात खुपसून हा जंत बसतो. त्याचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली लिंबासारखं दिसतं, दोन्ही टोकांना बुचं लावल्यासारखं. विष्ठेतून बाहेर पडलेलं अंडं ताजं असताना निरुपद्रवी असतं. ओल्या, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे मुरलं की मग ते पोटात गेल्यावर रोग देतं. तोवर जंगलातली टोळी दुसरीकडे गेलेली असते. पिंजऱ्यातलं माकड जाणार कुठे? तीच माती, तिच्यावरच सांडलेले शेंगदाणे, तेच हात तोंडात.

नोकरीत असताना एका प्राणिसंग्रहालयात लालतोंड्या माकडांचा कळप माझ्याकडे होता. पातळ जुलाब, केस निस्तेज, एक मादी तर नुसता सापळा. आम्ही फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं, तपासणीत अंडी दिसेनाशी झाली, मी निर्धास्त झालो. तीन महिन्यांनी अंडी परत. पुन्हा औषध, पुन्हा तेच. चाबूककृमी पोटात गेल्यापासून अंडी घालायला साधारण दोन-तीन महिने घेतो, म्हणजे औषध लागू पडत होतं आणि कळप नव्यानं लागण घेत होता. हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं. पिंजरा झाडणारे आप्पा एक दिवस म्हणाले, “साहेब, उन्हाळ्यात सगळी त्या नळाखालीच बसतात, गारव्याला.” नळ ठिबकत होता. खाण्याचा ओटा त्याच्याच शेजारी.

मग वरची वीतभर माती उचलली, मुरूम टाकला, नळ दुरुस्त केला, ओटा उन्हात आणि उंचावर नेला. ही अंडी जंतुनाशकांना सहसा दाद देत नाहीत. कोरडेपणा आणि उष्णता मात्र त्यांना सोसत नाही. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन आपल्याला नकोसं होतं, पण इथे तेच कामाला येतं.

तपासणीबद्दल थोडं. नमुना सकाळचा, आणि मातीला न टेकलेल्या भागातला घ्यायचा, नाहीतर मातीतल्या साध्या कृमींनाच तुम्ही रोग समजाल. मिठाच्या संपृक्त द्रावणात विष्ठा ढवळली की हलकी अंडी वर तरंगतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. आतड्यातला अमिबा हा एकपेशीय परजीवी बघायचा तर ताज्या, कोमट विष्ठेतच. अर्धा-पाऊण तास गेला की त्याची हालचाल थांबते. स्ट्राँगिलॉइड्स हा आणखी एक जंत. त्याच्या अळ्या कातडीतूनच शरीरात शिरतात, म्हणून पिंजऱ्यात अनवाणी जायचं नाही. अमिबासारखे काही परजीवी माणसाकडून माकडाकडेही जातात. हात धुणं दोघांसाठी आहे.

१० फेब्रुवारीला शाळेत तुम्ही जंतांवरची अल्बेंडाझोलची गोळी खाल्ली असेल. गोलकृमीवर ती उत्तम, पण चाबूककृमीवर एक गोळी बहुतेक वेळा पुरत नाही. माकडांतही औषधानंतर दोन आठवड्यांनी नमुना पुन्हा बघायचा.

आता पाटणादेवीबद्दल एक विनंती. देवळाजवळ केळी, फुटाणे टाकले की टोळी तिथेच थांबते. पुढे जायचं सोडते. त्याच झाडाखाली रोज विष्ठा, त्याच जागी रोज खाणं. कुंपण नसलेला पिंजरा आपण तयार करतो. वानराचं पोट कप्प्यांचं असतं, पाला आंबवून पचवणारं. गोड फळांचा ढीग त्याला तसाही बाधतो. सोबत आलेल्या आजीला हे समजावून सांगा, तिचा भाव दुखावू नका.

बाहेर टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक लावले आहेत. डावीकडच्यात ते लिंबासारखं अंडं आहे. रांगेनं या, काच हलवू नका.