सीआरपीच्या रकान्यातला आकडा

[दृश्य: पंचवटी, सकाळी सातची वेळ. पॅथॉलॉजी लॅबची पायरी, चपलांचा ढीग.]

आत बाकावर उपाशीपोटी बसलेली मंडळी. कुणाचं लक्ष टोकन नंबरकडे, कुणाचं समोरच्या टपरीवरच्या चहाकडे. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड या तपासण्या ठरलेल्याच. अलीकडे पॅकेजमधून सीआरपीही आपसूक येते, म्हणजे अंगात दाह (सूज) असला की रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी. संध्याकाळी मुलगा मोबाइलवर रिपोर्ट उघडतो, तर एक आकडा ठळक छापलेला. आणि मग डॉक्टरांना हमखास विचारलं जातं, “आईचं विसरणं यामुळेच का हो?”

[क्लोज-अप: स्टँडमधली काचेची उभी नळी.]

दाह जोखायची ही ईएसआरची जुनी पद्धत, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग मोजायचा. रक्त २०० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत भरायचं, नळी उभी करायची आणि तासभर तिला हात लावायचा नाही. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर द्रव सुटतो. अंगात दाह असेल तर रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं, पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली उतरतात. तासात किती मिलिमीटर उतरल्या, तो झाला ईएसआर. वयाबरोबर तो तसाही चढतो. त्यामुळे सत्तरीतल्या माणसाचा थोडा वाढलेला ईएसआर पाहून अनुभवी डॉक्टर लगेच दचकत नाहीत.

सीआरपी त्याहून चपळ. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ती न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडली. दाहाची वर्दी देणाऱ्या इंटरल्युकिन-६ या प्रथिनाचा निरोप पोचला की लिव्हर ती बनवू लागतं. काही तासांत ती चढते आणि कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मी होते. म्हणून दाढ सुजलेली असताना काढलेला रिपोर्ट बहुधा त्या दाढेचाच असतो. धूर दिसतो, चूल कुठली ते कळत नाही. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी, ३ च्या वर जास्त ही पट्टीसुद्धा हृदयविकाराचा धोका जोखायला आखलेली आहे, स्मृतिभ्रंशाचा नव्हे.

[दृश्य: कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. पंचेचाळीस-पन्नाशीची माणसं.]

मग मेंदूचा काही संबंधच नाही? आहे. जंतू नसतानाही वयाबरोबर अंगात मंद दाह धुमसत राहतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० मध्ये त्याला ‘इन्फ्लामएजिंग’ म्हटलं. पोटावरची चरबी, हिरड्यांचे जुने आजार, मरायचं विसरलेल्या पेशी, सगळ्यांचा त्यात वाटा. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांचं पंचवीस वर्षं जुनं, साठवलेलं रक्त संशोधकांनी तपासलं. २००२ मध्ये निष्कर्ष आला: ज्यांची सीआरपी तेव्हा सर्वांत खालच्या चौथ्या हिश्शात होती, त्यांच्या तुलनेत बाकीच्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका तिप्पट. लक्षात घ्या, तो आकडा मध्यमवयातला होता. आपल्याकडे ट्रॅकवरची ही माणसं रिपोर्ट काढतात ते आईवडिलांचे!

दाह कमी करणारी गोळी दिली तर? तेही करून झालं. घरात अल्झायमरचा इतिहास असलेल्या, सत्तरी गाठलेल्या अडीच हजारांवर लोकांवर अमेरिकेत नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या पेनकिलर गोळ्यांची चाचणी झाली. हृदयाच्या काळजीने डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या. स्मृतिभ्रंशापासून संरक्षण काही मिळालं नाही. तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून आईला रोजची पेनकिलर सुरू करू नका. म्हातारपणी किडनी आणि जठर त्याचा हिशोब चुकता करून घेतात.

[दृश्य: दवाखाना, टेबलावर रिपोर्ट.]

एका ठिकाणी मात्र सीआरपी खरंच कामाला येते. कालपर्यंत व्यवस्थित असलेली आजी आज अचानक माणसं ओळखेना, रात्रीला दिवस म्हणू लागली, तर तो बऱ्याचदा स्मृतिभ्रंश नसतो, लघवीतलं किंवा छातीतलं इन्फेक्शन असतं. अशा वेळी ताप नसला तरी चढलेली सीआरपी डॉक्टरांना सावध करते, आणि उपचाराने आजी पुन्हा ताळ्यावर येऊ शकते. पण विसरणं वर्षभर हळूहळू वाढत आलं असेल, तर डॉक्टर त्या ठळक आकड्यावर फार रेंगाळत नाहीत. कॅल्क्युलेटरशिवाय हिशोब जमतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, हे विचारतात. आणि चिठ्ठीवर लिहितात: बी-१२, थायरॉइड, कानाची तपासणी.