खान्देशातून नेपाळला कधी निघायचं?

नेपाळातला एक रस्ता डोळ्यासमोर आणा, एका बाजूला सरळ उभा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली गढूळ त्रिशूली नदी, हा काठमांडू-पोखरा रस्ता, साधारण 200 किलोमीटरचा. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचे कितीतरी ग्रुप इथून जातात आणि त्यातले बरेच श्रावणात निघतात, कारण तेव्हा निंदणी आटोपलेली असते, कापूस अजून फुटलेला नसतो, आणि पशुपतिनाथाचं दर्शन श्रावणातच घडावं असं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फार वाटतं.

पण श्रावण म्हणजे तिथला ऐन पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून नेपाळात शिरतो, जातो सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबर लागल्यावर. वर्षाचा जवळपास 80 टक्के पाऊस या चार महिन्यांत. आपल्या जळगावला वर्षभरात 700 मिलिमीटरच्या आसपास पडतो, पोखऱ्याला 3,000 च्या वर! मग दरडी सुटणारच. जुलै 2024 मध्ये नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर दरड आली आणि दोन बसेस त्रिशूलीत गेल्या. पुढच्याच महिन्यात, 23 ऑगस्टला, तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत बस कोसळली, तिच्यात आपल्या वरणगाव-भुसावळकडचे भाविक होते, 25 च्या वर माणसं गेली. तो अपघात पावसामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, पण तारीख ठरवायला बसलात की हा विषय घरात मोकळेपणानं बोला, एवढं कळकळीनं सांगतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात भारी, हे सगळेच सांगतात आणि खरंच आहे ते. पावसानं हवा धुऊन निघालेली असते, सकाळी पोखऱ्यातल्या फेवा तलावाच्या काठावर उभं राहिलं की माच्छापुच्छ्रे शिखराचं टोक आधी लालसर होतं, मग हळूहळू ऊन खाली उतरतं आणि तलावात अख्खा डोंगर उलटा दिसायला लागतो. फक्त बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ असेल तर वरच्या खिंडीकडे जायचंच नाही. 2014 च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं, दोन दिवसांनी अन्नपूर्णा भागातल्या थोरोंग ला खिंडीत बर्फ कोसळला आणि 40 च्या वर लोक गेले.

पण भो, शेतकरी माणूस दिवाळीच्या टायमाला निघणार कसा? वेचणी सुरू, मजूर मिळत नाही, त्यात हरभऱ्याची पेरणी.

म्हणून माझं मत चैत्राचं. गहू-हरभरा घरात आलेला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या आत परत यायचं. रस्ते कोरडे असतात, डोंगरउतारावर लालीगुराँस (लाल ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, आणि आपल्याकडे पारा 42-43 ला टेकलेला असताना उंचावरच्या मुक्तिनाथ देवस्थानाला स्वेटर घालावा लागतो. हो, वणव्यांच्या धुरानं आणि धुळीनं हवा धूसर असते, पोखऱ्यातून हिमशिखरं काही दिवस दिसतच नाहीत, दुपारनंतर गडगडाटही होतो. ज्यांना फक्त शिखरांचे फोटो पाहिजेत त्यांनी ऑक्टोबरच धरावा. दर्शनाला निघालेल्यांना चैत्रच बरा. डिसेंबर-जानेवारीत लुंबिनीकडे दाट धुकं आणि मुक्तिनाथला कडाक्याची थंडी, म्हातारी माणसं सोबत असतील तर नकोच.

आता मुक्तिनाथ ज्या जिल्ह्यात आहे त्या मुस्तांगचं ऐका. नवापूरला भात पिकतो आणि त्याच पावसाळ्यात शिंदखेड्याला लोक ढगाकडे बघत बसतात, तसंच तिथं आहे. अन्नपूर्णा आणि धौलागिरी ढग अडवतात, त्यामुळे डोंगरामागच्या जोमसोमला वर्षभरात 300 मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. म्हणजे पावसाळ्यातही मुक्तिनाथचा परिसर बऱ्यापैकी कोरडा असतो, पण तिथवर पोचायला जो घाटरस्ता आहे तो दरडींचाच. पोखऱ्याहून जोमसोमला विमान आहे, पण काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी वारा इतका सुटतो की उड्डाणं सकाळीच होतात, आणि खाली पोखऱ्यात ढग असले तर तीही रद्द. म्हणून एक दिवस जास्तीचा ठेवाच. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर आहे, सपाटीवरच्या माणसाला तिथं दम लागतो, त्यामुळे आल्या आल्या देवळाच्या 108 गार पाण्याच्या धारांखाली अंघोळीला पळू नका, आधी थोडं बसा, पाणी प्या.

आणि गोरखपूरपर्यंत ट्रेननं जाणार असाल तर कुशीनगर एक्सप्रेस जळगाव-भुसावळहून मिळते, पुढं सुनौली बॉर्डर. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, चैत्राचं तिकीट फेब्रुवारीतच काढून ठेवा.