गाडी रात्रीची, खरेदी आत्ताची

(दृश्य : मेन रोड, संध्याकाळ. आकाशकंदिलांच्या रांगा. कॅमेरा बोळात वळतो.)

दिवाळीच्या तोंडावरचा नाशिकचा मेन रोड. पाय ठेवायला जागा नाही. या गर्दीतून वाट काढत या मायलेकी बोळातल्या पुस्तकांच्या दुकानात शिरल्यात. रात्री नाशिकरोडहून पंजाब मेल, उद्या दुपारी झाशी. बॅगा भरून झाल्या, वाचायचं तेवढं राहिलंय.

घरात सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचं, कार्ड आहे. १८४० पासूनचं वाचनालय असलेलं हे गाव, कार्ड असणारच. पण वाचनालयाचं पुस्तक रेल्वेत न्यायला जीव धजत नाही.

(दृश्य : गल्ला. काकांचे हात, जवळून.)

दुकानदार काका आधी विचारतात, ‘बर्थ कुठला, ताई?’ अप्पर असेल तर जाड ग्रंथ नको, झोपून धरताना मनगट भरून येतं. अक्षर बारीक नको, डब्यातला दिवा कसा असेल सांगता येत नाही. मग प्रत मधोमध उघडून टेबलावर उताणी ठेवायची. शिलाईची बांधणी असेल तर पुस्तक मुकाट पडून राहतं. नुसतंच चिकटवलेलं असेल तर कण्यातून कडकन आवाज येतो, आणि इटारसी येईस्तोवर पानं हातात. ऐका.

(कडकन आवाज. काका ती प्रत बाजूला सारतात.)

(दृश्य : शिडी. वरची फळी. फडक्याने झटकलेली धूळ उजेडात.)

झाशी म्हटल्यावर शिडी लागलीच. वरून उतरतंय ते गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट १८५७ मध्ये आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेला निघाले, ते मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचं कर्ज फिटेल म्हणून. वाटेत बंड पेटलं. भटजी पोचले ते थेट झाशीच्या वेढ्यात. गोळे पडत असताना गाव काय करत होतं, शहर पडल्यावर लुटीत काय काय गेलं, राजवाड्यातल्या पुस्तकालयाची काय दशा झाली, हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाने पुढे घरी बसून लिहिलं. छापून आलं १९०७ साली. आजही तो मजकूर भराभर वाचला जातो; शाळेच्या इतिहासात ही मजा का येत नाही, देव जाणे.

‘किल्ल्याची माहिती फोनवर आहे की,’ मुलगी म्हणते. काका वाद घालत नाहीत. एक पान उघडून देतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

(मुलगी वाचते आहे. निवेदन नाही. दुकानाचे आवाज तसेच.)

(दृश्य : दिवाळी अंकांच्या थप्प्या.)

आणि हे दिवाळी अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली रीत. प्रवासाला अंकासारखं सोयीचं काही नाही : घरातल्या दोघांना एकाच वेळी वाचता येत नाही, एवढाच दोष. म्हणून ताई दोन घेतात.

यातला बराच माल पुण्याहून, अप्पा बळवंत चौकातून पार्सलने येतो. दुकानाचं भाडं मात्र निघतं ते जूनमधल्या पाठ्यपुस्तकांवर आणि वह्यांवर. शेजारच्या गाळ्यातही पूर्वी पुस्तकंच होती, आता मोबाइलची कव्हरं आहेत.

(दृश्य : हाताने लिहिलेलं बिल.)

दहा टक्के सूट. ऑनलाइन याहून जास्त मिळाली असती, हे ताईंना ठाऊक आहे आणि काकांनाही. निघता निघता त्या विचारतात, ‘झाशीजवळच्या ओरछ्यावर काही आहे का हो?’ नाही. पुण्याहून मागवावं लागेल, आणि पार्सल येईस्तोवर या दोघी ओरछा बघून परतलेल्या असतील. ‘मागवा तरी,’ ताई म्हणतात. काका वही उघडून नाव लिहून घेतात.