उडी जमिनीवर शिकायची असते

श्रोते हो, नमस्कार.

धुळ्याच्या माणसाला आग्रा रोड म्हटले की दुकाने आणि सणासुदीची गर्दी आठवते. पण हे नाव ज्या जुन्या मुंबई–आग्रा मार्गामुळे पडले, तो मार्ग सोनगीर, शिरपूर मागे टाकून, नर्मदा ओलांडून खरोखरच आग्र्याला जातो आणि त्या आग्र्यात भारतीय हवाई दलाचे पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आहे. विमानातून छत्रीच्या, म्हणजे पॅराशूटच्या, आधाराने उतरायला शिकण्यासाठी आपल्या सैन्यातील जवान आणि अधिकारी याच शाळेत येतात. मीही तिथेच शिकलो, छत्रीने उतरणाऱ्या पायदळाच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये, म्हणजेच ‘पॅरा’त, नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी परतलो. आता रोज पहाटे मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर असतो. ही मुले मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, “आप्पा, उडी मारताना भीती वाटत नाही का?”

भीती वाटते, आणि ती वाटण्यात कमीपणा काही नाही. मात्र आग्र्याच्या शाळेत भीतीविषयी फारसे कोणी बोलत नाही. तिथे बोलणे होते ते पायांविषयी. सुरुवातीचे कितीतरी दिवस विमान दुरूनच दिसते आणि शिकणारा जवान सकाळपासून संध्याकाळपर्यंत लहानशा चौथऱ्यावरून खाली उतरून लोळण घेत राहतो. दोन्ही पाय जुळलेले, गुडघे जुळलेले आणि किंचित वाकलेले, हनुवटी छातीला लागलेली, कोपरे आत घेतलेली. जमिनीला प्रथम चवडे लागले पाहिजेत, मग पोटरीची बाजू, मग मांडी, मग कुल्ला आणि शेवटी पाठीची कड. बसणारा दणका एकाच सांध्याने सोसायचा नाही, तो अंगभर वाटून द्यायचा, एवढेच या लोळणीचे तत्त्व आहे. साध्या गोल छत्रीखाली माणूस सेकंदाला साधारण पाच ते सहा मीटर वेगाने उतरतो, म्हणजे चार ते सहा फूट उंचीच्या भिंतीवरून उडी टाकल्यावर जेवढा दणका बसेल तेवढाच इथे बसतो. हवा तापलेली आणि विरळ असेल, अंगावर शस्त्र आणि सामान असेल, तर वेग आणखी वाढतो. आखाड्यात वाढलेल्या मुलाला ही लोळण लवकर साधते, कारण पडताना अंग ताठ ठेवायचे नाही हे वस्तादाने त्याला लहानपणीच शिकवलेले असते.

प्रत्यक्ष उडी सुमारे बाराशे फुटांवरून होते आणि जमिनीपर्यंतचा प्रवास जेमतेम एक-सव्वा मिनिटाचा असतो. या उडीत जवानाला स्वतः काहीही ओढून छत्री उघडायची नसते. छत्रीला जोडलेला एक लांब पट्टा, ज्याला स्टॅटिक लाइन म्हणतात, विमानातल्या पोलादी तारेला हुकाने अडकवलेला असतो. माणूस दाराबाहेर पडला की हाच पट्टा ताणला जाऊन पाठीवरच्या पिशवीतून छत्री बाहेर काढतो. तो हूक अडकवल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐकायचा, बोटाने चाचपायचे, मग हिसका देऊन पाहायचे. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून मागचा जवान पुढच्याचे पट्टे तपासतो आणि त्यानंतर प्रशिक्षक प्रत्येकावर पुन्हा हात फिरवतो. बाहेर पडल्यावर एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार असे सेकंद मोजायचे आणि मान वर करून छत्री पूर्ण फुलली आहे का ते पाहायचे. फुलली नसेल तर छातीवर बांधलेली राखीव छत्री असते. मनातल्या मनात मोजणारा माणूस घाईत आकडे गाळतो, म्हणून मोठ्याने मोजायला लावतात. मला हे फार शहाणपणाचे वाटते.

माझी तिसरी उडी मात्र चुकली. पहिल्या दोन चांगल्या झाल्याने मन सैल पडले होते. खाली पाहू नका, नजर समोर क्षितिजावर ठेवा, असे रोज सांगितले जात असतानाही शेवटच्या क्षणी मी खाली पाहिले. जमीन एकाएकी अंगावर धावून आल्यासारखी वाटली आणि काळोखात शेवटची पायरी चाचपावी तसा माझा डावा पाय आपोआप पुढे गेला. तो एकटाच आधी टेकला, घोटा मुरगळला आणि पुढच्या उड्यांसाठी मला थांबावे लागले. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी मला पुन्हा त्याच लहान चौथऱ्यावर उभे केले.

एवढी जोखीम कशासाठी पत्करायची, याचे उत्तर १९७१ च्या युद्धात मिळते. ११ डिसेंबरच्या दुपारी पूर्व पाकिस्तानातील टांगाईलजवळ आपली दुसरी पॅरा बटालियन छत्र्यांनी उतरली. पुंगली येथील पूल ताब्यात घेऊन उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडवणे हे तिचे काम होते, ते तिने केले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्या भारतीय तुकड्यांत ती होती. ही बटालियन मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती, हे आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना माहीत असते. मी ते आवर्जून सांगतो.

आता स्पेशल फोर्सेस, म्हणजे खास मोहिमांसाठीच्या पॅरा तुकड्यांविषयी. पॅरा आणि पॅरा स्पेशल फोर्सेस या दोन्हींत माणूस स्वतःच्या इच्छेनेच जातो, त्यासाठी कोणावर सक्ती होत नाही. स्पेशल फोर्सेससाठी पुढे येणाऱ्याला काही महिन्यांच्या प्रोबेशनला, म्हणजे कसोटीच्या काळाला, सामोरे जावे लागते. पाठीवर ओझे आणि हातात शस्त्र घेऊन लांबच लांब कूच, अपुरी झोप, आणि थकून गेल्यावर नेमके विचारले जाणारे प्रश्न, की वाटेत किती पूल लागले, नकाशावर आपण आत्ता कुठे आहोत. आलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या पलटणीत परत जातात. पॅराची मरून टोपी आणि स्पेशल फोर्सेसचा ‘बलिदान’ बिल्ला अशा कसोट्यांतून मिळतात, आणि आग्र्याच्या पाच उड्या पूर्ण झाल्या की छातीवर पॅराट्रूपरचे पंखचिन्ह लागते. उडी हे त्या जवानाचे कामावर पोहोचण्याचे साधन आहे, त्याचे खरे काम जमिनीला पाय लागल्यावर सुरू होते.

आपल्या भागातल्या तयारीबद्दल मला कळकळीने बोलायचे आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही पहाटे पाहा, मुले डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर काढत असतात. रोज तेवढेच अंतर, रोज पूर्ण वेगात, आणि पायांत झिजलेले बूट. दोन महिन्यांत नडगी दुखू लागते, पोरगा दुखणे लपवतो आणि हाडाला बारीक चीर पडेपर्यंत धावत राहतो. मातीच्या वाटेवर पळा, आठवड्यातून दोनच दिवस वेगात पळा आणि एक दिवस पायांना विसावा द्या. ज्याला पुढे पॅरात जायचे आहे त्याने थोडे वजन पाठीवर घेऊन लळिंगसारखा किल्ला किंवा सातपुड्याची पायवाट चढावी आणि वजन आठवड्या-आठवड्याने वाढवावे. वैशाखात सूर्य वर येण्याआधी सराव संपला पाहिजे, कारण आपल्याकडचे ऊन धडधाकट माणसालाही पाडते. खाण्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, केळी आणि जमेल तेव्हा अंडी पुरेशी आहेत. मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी कोणी गोळी किंवा इंजेक्शन देऊ केले तर त्या माणसापासून दूर राहा. असल्या औषधांनी जिवावर बेतू शकते.

लेखी परीक्षेकडे दुर्लक्ष ही दुसरी मोठी चूक. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी होते, आणि आता संगणकावरची लेखी परीक्षा मैदानी चाचणीच्या आधी घेतली जाते. दोन वर्षे पळून छाती कमावलेला मुलगा गणितात अडकून मैदानापर्यंत पोहोचतच नाही, हे मी पाहिले आहे. वैद्यकीय तपासणीचेही तसेच आहे. सपाट पाऊल, एकमेकांना टेकणारे गुडघे, रंग ओळखण्यातील दोष हे आधीच डॉक्टरांकडून पाहून घ्या. कानात मळ साचला म्हणूनही मुले थांबवली जातात. हौसेने दंडावर गोंदवून घेऊ नका. आदिवासी बांधवांच्या रूढीतल्या गोंदणाला मात्र नियमांत सवलत आहे, म्हणून धडगाव, अक्कलकुव्याच्या मुलांनी त्या भीतीने मागे राहू नये.

आई-वडिलांना एक विनंती आहे. माझी आई एस.टी.त शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, “मना आंडोर फौजमा शे.” तिचा तो आनंद माझ्या फार उपयोगी पडला, पण पॅरासाठी नाव देताना मी तिला किंवा कोणालाच विचारले नव्हते. तुमच्या मुलाने पॅरात जावे की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवू द्या. दुसऱ्याच्या हौसेखातर गेलेला मुलगा प्रोबेशनच्या पहिल्याच आठवड्यात मागे फिरतो.

पाच उड्यांपैकी एक उडी रात्रीची असते. आमच्या तुकडीची ती शेवटी झाली. विमानाच्या दारात हिरवा दिवा लागला, माझ्या पुढचा जवान अंधारात नाहीसा झाला आणि त्याच्यामागे मी. मोजून झाल्यावर मान वर केली तेव्हा चांदण्या झाकणारे एक काळे वर्तुळ दिसले, ती माझी छत्री होती. विमानाची घरघर दूर गेल्यावर इतकी शांतता पसरली की खाली कुठेतरी भुंकणारे कुत्रे स्पष्ट ऐकू येत होते. या वेळी जमीन दिसतच नव्हती, त्यामुळे पायाने ती शोधण्याचा मोहही झाला नाही. मी पाय जुळवले, गुडघे जुळवले, हनुवटी छातीला लावली आणि वाट पाहत राहिलो. चवडे टेकले, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ. मग मी उठलो, दोऱ्या गोळा केल्या, छत्री पिशवीत भरली आणि मैदानाच्या कडेला हलणाऱ्या विजेरीच्या दिशेने चालू लागलो.