राजकन्येचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. आवाज नीट येत नसेल तर रेडिओ थोडा मोठा करा. केलात? मग सांगा, हात बटणापर्यंत गेला कसा? स्नायू आखडले, स्नायूंना मेंदूकडून निरोप मिळाला, हे सगळं कबूल. पण त्याच्याही आधी ‘करावा का जरा मोठा’ असं तुमच्या मनात आलं होतं. मनात आलेल्या त्या गोष्टीला ना वजन, ना लांबी-रुंदी. तिनं हा हाडामांसाचा हात हलवला कसा?

प्रश्न माझा नव्हे. 1643 च्या मे महिन्यात हेग शहरातून एका चोवीस वर्षांच्या राजकन्येनं तो पत्र लिहून विचारला. तिचं नाव एलिझाबेथ. वडील बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातल्या एका प्रदेशाचे राजे, पण नावाचेच. 1620 साली प्रागजवळची लढाई हरले आणि गादी गेली. ती गादी इतकी थोडी टिकली की लोक त्यांना ‘हिवाळ्यापुरता राजा’ म्हणून चिडवायचे. मुलगी वाढली ती परक्या देशात, आश्रितांच्या दरबारात.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची ओळख ग्रीसपासून करून द्यायची रीत आहे. प्लेटोपर्यंत येईतो ऐकणारा पेंगायला लागतो, म्हणून मी या पत्रापासून सुरुवात करते आहे.

पत्र होतं रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला. 1641 साली त्याचं एक लहानसं लॅटिन पुस्तक छापून आलं होतं. ज्याच्यावर शंका घेता येईल ते सगळं बाजूला काढायचं, असा त्यानं पण केला. डोळे कधीमधी फसवतात, त्यांना काढा. मी शेकोटीपाशी बसलोय म्हणावं, तर स्वप्नातही मी असाच बसलेला असतो. शेवटी कुणी महाबली ठक आपल्याला प्रत्येक बाबतीत फसवतो आहे, असंही त्यानं धरून पाहिलं. तरी शंका घेणारा ‘मी’ काही काढून टाकता येईना.

त्याच पुस्तकात मेणाचा एक तुकडा आहे. पोळ्यातून नुकताच काढलेला. मधाची चव अजून गेलेली नाही, फुलांचा वास येतोय, हाताला गार आणि टणक लागतो, बोटानं वाजवला तर आवाज होतो. देकार्त तो विस्तवाजवळ नेतो. चव जाते, वास उडतो, रंग पालटतो, आकार मोडतो, मेण पातळ होतं आणि हात लावावा तर चटका बसतो. इंद्रियांनी सांगितलेलं एकूण एक गेलं, तरी आपण म्हणतो की मेण तेच. हे कुणी सांगितलं? डोळ्यांनी नाही, नाकानं नाही. बुद्धीनं, असं देकार्तचं म्हणणं. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात हे पान सगळ्यात देखणं.

मग तो वाटणी करतो. शरीर जागा व्यापतं पण विचार करत नाही. मन विचार करतं पण जागा व्यापत नाही. आपल्याला इथे आपल्याकडच्या सांख्य दर्शनातले पुरुष आणि प्रकृती, म्हणजे निव्वळ जाणीव आणि जड सृष्टी, आठवतात, पण घाई नको. सांख्यांच्या हिशेबात मन आणि बुद्धी प्रकृतीच्याच वाट्याला जातात.

राजकन्येनं नेमकं या वाटणीवर बोट ठेवलं. वस्तू हलवायची तर ती ढकलावी लागते, ढकलायला स्पर्श हवा. ज्या मनाला जागाच नाही ते स्पर्श कुठून करणार?

देकार्तनं जडपणाचं उदाहरण दिलं. दगडाचं वजन दगडाला खाली नेतं, तिथे कुठे एका पृष्ठभागानं दुसऱ्याला ढकललेलं असतं? तिला ते पटलं नाही. जूनमध्ये तिनं लिहिलं की, यापेक्षा मनालाच थोडी लांबी-रुंदी आहे असं मानणं मला सोपं वाटतं. त्यावर देकार्तनं जे लिहिलं ते तत्त्वज्ञाकडून क्वचित ऐकू येतं: निव्वळ बुद्धीच्या विचारांना मी वर्षातले अगदी थोडे तास देतो, मन आणि शरीर एक कसे ते रोजच्या जगण्यातून आणि गप्पागोष्टींतून कळतं. उत्तर मला आवडतं, पण प्रश्न तिथेच राहतो. 1649 च्या पुस्तकात त्यानं मेंदूतल्या एका इवल्याशा ग्रंथीत दोघांची गाठ घालून दिली. त्यानं प्रश्न सुटला नाही, फक्त त्याची जागा लहान झाली.

1650 मध्ये देकार्त वारला. आपली पत्रं छापायला तिनं नकार दिला. ती उजेडात आली थेट 1879 साली.

त्या पत्रव्यवहारातला 1645 चा उन्हाळा मला फार आवडतो. राजकन्येला बारीक ताप होता, कोरडा खोकला होता. मन आणि शरीर वेगळे करणारा देकार्त तिला लिहितो की, अशा तापाचं नेहमीचं कारण दुःख असतं. ती उलट लिहिते, खरं आहे, मनाला लागलेलं माझ्या शरीराला फार लवकर बाधतं. वैद्यांनी तिला स्पा गावच्या झऱ्याचं पाणी प्यायला सांगितलं होतं. देकार्तनं त्याला पथ्य जोडलं: पाणी घेताना दुःखाचे विचार नकोत, शास्त्रांचं गंभीर चिंतनही नको. रानाची हिरवाई, फुलाचे रंग, पक्ष्याचं उडणं बघत बसावं, आणि आपण कसलाच विचार करत नाही अशी स्वतःची समजूत घालावी.